अवतरणांतील तिरपी रेघ

बोलण्याचे दोन प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. आपल्या मनांतलें आपण सांगतों तो एक. आणि दुसऱ्याचे शब्द, त्यांत काडीचाही बदल न करितां, पोंचवितों तो दुसरा. पहिल्या प्रकारांत शब्दांच्या अर्थाशीं काम असतें, दुसऱ्यांत खुद्द शब्दांशीं असतें. "दार लावून घे असें आईस सांग," असें वडिलांनीं म्हटलें, आणि मुलानें आईस न सांगतां स्वतःच उठून दार लावलें, तर त्यानें निरोपालाच आज्ञा समजून घोटाळा केला असें आपण म्हणतों. संगणकास आज्ञा लिहून देण्याची जी विद्या आज वरच्या वर्गांतील विद्यार्थी शिकत आहेत, तींत नेमका हाच घोटाळा वारंवार होतो. तो टाळण्यासाठीं त्या विद्येंत एक लहानशी तिरपी रेघ योजिलेली आहे. दिसावयास ती क्षुद्र, परंतु तिच्यावांचून पुष्कळ कामें अडतात; म्हणून तिचा विचार येथें थोडा विस्तारानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम संगणकाची रीत पाहूं. त्यास जी आज्ञावली दिली जाते तींत दोन जातींचीं अक्षरें असतात. कांहीं अक्षरें आज्ञेचीं, म्हणजे यंत्रानें वाचून त्याप्रमाणें वागावयाचीं. आणि कांहीं नुसत्या मालाचीं, म्हणजे यंत्रानें उचलून जशींच्या तशीं ठेवावयाचीं किंवा दाखवावयाचीं. या दुसऱ्या जातीच्या अक्षरांच्या समूहास अक्षरमाला म्हणूं. संगणकाच्या व्यवहारांत तिला स्ट्रिंग म्हणतात. अक्षरमाला कोठें सुरू झाली व कोठें संपली हें यंत्रास कळावें म्हणून तिच्या दोन्ही बाजूंस अवतरणचिन्ह देतात. आज्ञेचे शब्द रोमन लिपींत असतात, परंतु आम्ही समजुतीसाठीं ते नागरींत लिहितों:

छाप "नमस्कार"

येथें 'छाप' ही आज्ञा आणि 'नमस्कार' हा माल. अवतरणचिन्हें स्वतः छापलीं जात नाहींत. धान्याचें पोतें सुतळीनें शिवितात, पण ती सुतळी कांहीं कोणी दळावयास टाकीत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार.

आतां अडचण येते ती अशी. शिवलेल्या पोत्याच्या आंत सुतळीच भरावयाची असेल तर? म्हणजे ज्या वाक्यांत स्वतः अवतरणचिन्ह आहे असें वाक्य यंत्राकडून छापवून घ्यावयाचें असेल तर? समजा, आपण असें लिहिलें:

छाप "गुरुजी म्हणाले, "पाटी काढा." आणि मुलांनीं पाट्या काढिल्या."

आपण माणसें हें वाक्य बिनचूक वाचतों. छापील पुस्तकांत उघडणारें चिन्ह एका वळणाचें व मिटणारें दुसऱ्या वळणाचें असतें, शिवाय अर्थही आपल्या मदतीस येतो. यंत्रापाशीं यांपैकीं कांहींच नाहीं. त्याच्या कळफलकावर उघडण्यास व मिटण्यास एकच सरळ चिन्ह आहे. तें डावीकडून वाचीत निघतें. पहिल्या चिन्हापाशीं माल उघडला असें धरितें, आणि 'म्हणाले' नंतर दुसरें चिन्ह दिसतांच माल संपला असें ठरवितें. मग 'पाटी काढा' हे शब्द उघड्यावर पडतात. तें त्यांस आज्ञा समजून वाचूं लागतें, अशी आज्ञा आपणांस ठाऊक नाहीं असें पाहून थांबतें, व चूक झाल्याचा निरोप देतें. विद्यार्थी मात्र बुचकळ्यांत पडतो. कारण त्याच्या दृष्टीनें वाक्य शुद्ध आहे.

ही अडचण कशी सोडवावी याचें उत्तर आपल्या शाळेंतील श्रुतलेखनाच्या तासांतच आहे. गुरुजी वाक्य सांगतां सांगतां 'स्वल्पविराम' म्हणतात, तेव्हां मुलें तो शब्द लिहीत नाहींत, तें चिन्ह काढितात. पण सांगावयाचें वाक्यच 'स्वल्पविराम हें एक विरामचिन्ह आहे' असें असलें म्हणजे? तेव्हां गुरुजी आधीं सुचवितात, "शब्द लिहा: स्वल्पविराम." या 'शब्द लिहा' मध्यें सारी खुबी आहे. हे दोन शब्द वहींत लिहावयाचे नसतात. पुढें येणाऱ्या शब्दाकडे नेहमीच्या दृष्टीनें पाहूं नका, एवढीच ती सूचना.

संगणकाच्या भाषांत हें 'शब्द लिहा' म्हणण्याचें काम उलट्या तिरप्या रेघेकडे दिलेलें आहे. ही रेघ डावीकडे वरून सुरू होऊन उजवीकडे खालीं उतरते. तिला बॅकस्लॅश म्हणतात. अपूर्णांक किंवा तारीख लिहितांना जी रेघ आपण वापरितों तिच्या ही अगदीं उलट कललेली असते. अवतरणचिन्हाच्या आधीं ही रेघ आली कीं यंत्र समजतें, हें चिन्ह माल मिटविणारें नव्हे, मालापैकींच एक आहे. म्हणून वरचें वाक्य असें लिहावें:

छाप "गुरुजी म्हणाले, \"पाटी काढा.\" आणि मुलांनीं पाट्या काढिल्या."

छापून येतांना रेघा गळून पडतात व चिन्हें राहतात.

परंतु एक प्रश्न लगेच उभा राहतो. मालांत खुद्द ही रेघच हवी असेल तर काय करावें? श्रुतलेखनांत 'शब्द लिहा' हेच शब्द लिहवून घ्यावयाचे असतील तर गुरुजींस म्हणावें लागेल, "शब्द लिहा: शब्द लिहा." त्याच न्यायानें येथें रेघ दोनदां लिहितात, \\ अशी. पहिली सूचना देते व नाहींशी होते. दुसरी माल म्हणून उरते. सूचना देणाऱ्या चिन्हास स्वतःलाही तीच सूचना लागू पडते, ही या योजनेंतील मोठी व्यवस्थितपणाची गोष्ट होय.

या रेघेचें काम एकाच दिशेनें चालत नाहीं. अवतरणचिन्हासारख्या विशेष अधिकाराच्या चिन्हास ती साधें करिते, तशी साध्या अक्षरास ती विशेष अधिकारही देते. ओळ संपवून नव्या ओळीवर जाणें, किंवा मध्यें ठराविक मोकळी जागा सोडणें, या गोष्टींस दिसणारें अक्षर नाहीं. म्हणून रेघेपुढें रोमन 'एन' आलें तर नवी ओळ, व 'टी' आलें तर मोकळी जागा, असा संकेत ठरला आहे. सोयीसाठीं आपण त्यांच्या जागीं \न व \ट असें लिहूं. आतां विंडोज पद्धतीच्या संगणकावर कागदपत्रांचा ठावठिकाणा सांगतांनाही हीच रेघ घरांमधील भिंतीप्रमाणें वापरितात. 'ड' या कप्प्यांत 'नकाशा' नांवाची पेटी, व तींत 'टपाल' नांवाचा कागद आहे असें समजा. विद्यार्थी सहजच लिहितो:

उघड "ड:\नकाशा\टपाल"

यंत्र 'नकाशा' तील पहिलें अक्षर रेघेबरोबर गिळून नवी ओळ करितें, 'टपाल' मधील पहिलें अक्षर गिळून मोकळी जागा सोडितें, आणि 'काशा' व 'पाल' असे भलतेच शब्द हातांत घेऊन असा कागद नाहीं म्हणून सांगतें. कागद तर डोळ्यांसमोर आहे! अशा वेळीं यंत्रास दोष न देतां रेघा मोजाव्या. शुद्ध लेखन असें:

उघड "ड:\\नकाशा\\टपाल"

ही रेघ आली कोठून, हेंही जिज्ञासूंस जाणावेंसें वाटेल. संगणकांनीं एकमेकांशीं बोलतांना कोणत्या अक्षरास कोणता अंक समजावा हें ठरविणारा आस्की नांवाचा अमेरिकन संकेत १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत या रेघेस स्थान मिळालें तें मुख्यतः बॉब बीमर या संगणकतज्ज्ञाच्या प्रयत्नानें. अल्गोल भाषेंतील 'आणि' व 'किंवा' यांचीं तर्कशास्त्रीय चिन्हें दोन विरुद्ध तिरप्या रेघा जोडून काढतां यावीं, हा त्यांत त्याचा हेतु होता. आस्की संकेतांत सरळ दुहेरी अवतरणचिन्हाचा क्रमांक ३४ व या रेघेचा ९२ आहे. सूचना देण्याचें काम तिच्याकडे मागाहून आलें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन यांनीं केलेल्या बी भाषेंत हें काम ताराचिन्ह करीत असे. त्याच प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास सी भाषा घडविली, तेव्हां तें तिरप्या रेघेकडे सोंपविण्यांत आलें. व सी भाषेचें वळण पुढच्या पुष्कळ भाषांनीं उचलल्यामुळें तोच संकेत सर्वत्र रूढ झाला. मायक्रोसॉफ्टच्या डॉस पद्धतींत सरळ तिरपी रेघ आधींच दुसऱ्या कामास गुंतली होती. म्हणून १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तींत पेट्यांची सोय आली तेव्हां उलटी रेघ घ्यावी लागली. अशा रीतीनें एकाच रेघेवर दोन ओझीं पडलीं, आणि वर सांगितलेल्या 'नकाशा' च्या घोटाळ्याचें मूळ तेंच आहे.

हें सर्व परदेशांतलें व कालपरवांचें आहे असें मात्र कोणी समजूं नये. शब्दाचा अर्थ आणि खुद्द शब्द यांतील भेद आपल्याकडे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं पाणिनीनें पुरता ओळखला होता. त्याच्या व्याकरणांत 'अग्नि' यास अमुक प्रत्यय लावावा असें आलें तर तो 'अग्नि' या शब्दास लावावयाचा. निखाऱ्यास प्रत्यय लावतां येत नाहीं, असें टीकाकार सांगतात. म्हणून पारिभाषिक संज्ञा सोडून इतर शब्दानें व्याकरणांत स्वतःचें रूपच दाखवावें असा पाणिनीनें स्वतंत्र नियम केला. लोकव्यवहारांत शब्दापुढें 'इति' आलें म्हणजे लक्ष अर्थावरून शब्दाकडे वळतें. पाणिनीच्या शास्त्रांत मूळचाच रोख शब्दाकडे असल्यामुळें तेथें 'इति' नें उलट काम केलें आहे. विकल्पाची संज्ञा सांगणाऱ्या सूत्रांत तें लक्ष शब्दावरून अर्थाकडे वळवितें. साध्यास विशेष व विशेषास साधें करणारी तिरपी रेघ आणि हें 'इति' यांचें काम किती जवळचें आहे, हें सुज्ञांस सांगावयास नको.

जुन्या मराठी पत्रव्यवहारांतही अशीच एक युक्ति दिसते. मोडी लिपींतील कागदांत विरामचिन्हें नसत, व शब्दही तोडून लिहीत नसत. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ सालीं धुळ्यास जें राजवाडे संशोधन मंडळ निघालें, तेथें जुन्या कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. अशा पत्रांत दुसऱ्याच्या पत्रांतील मजकूर उतरून झाला कीं शेवटीं 'म्हणोन लिहिलें' असें येतें, व मग 'ऐशियास' म्हणून स्वतःचें उत्तर सुरू होतें. 'म्हणोन' हेंच तेथें मिटणारें अवतरणचिन्ह. छापील मराठींत आजचीं विरामचिन्हें रूढ होण्यास मोल्सवर्थ यांचे कोशकार्यांतील सहकारी मेजर थॉमस कँडी यांचे श्रम कारण झाले. विरामचिन्हांची परिभाषा हें त्यांचें लहानसें पुस्तक १८५० सालीं निघालें.

अवतरणांत अवतरण कसें बसतें, याचें एक उत्तम उदाहरण आपल्या खानदेशांतच घडलेलें आहे. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा भावे यांनीं फेब्रुवारी ते जून या काळांत दर रविवारीं एक, अशीं गीतेवर अठरा प्रवचनें दिलीं. तीं ऐकतां ऐकतां लिहून घेतलीं साने गुरुजींनीं. हे गुरुजी पूर्वीं अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलांत शिक्षक होते, म्हणजे श्रुतलेखन त्यांस नवें नव्हतें! आतां थरांचा हिशेब पाहा. गुरुजी लिहितात तें विनोबांचें बोलणें. विनोबा सांगतात तें गीतेंतील श्रीकृष्णाचें बोलणें. पण श्रीकृष्ण अर्जुनास काय म्हणाले हें गीतेंत संजय धृतराष्ट्रास सांगतो; संजयाचें बोलणें वैशंपायन जनमेजयास सांगतात; आणि वैशंपायनांचें बोलणें नैमिषारण्यांत सौति ऋषींस सांगतो. एकांत एक असे हे पांच थर झाले. गीतेंत कोण बोलत आहे हें 'उवाच' या शब्दानें उघडून दाखविलें जातें, पण मिटविणारें चिन्ह नाहीं. पुढचें 'उवाच' आलें कीं मागचें बोलणें संपलें असें समजावयाचें. म्हणजे 'उवाच' केवळ उघडतें, 'इति' व 'म्हणोन' केवळ मिटवितात, आणि कँडीसाहेबांचीं चिन्हें दोन्ही करितात. यंत्रानें तिसरी रीत घेतली, मात्र उघडण्यास व मिटण्यास एकच चिन्ह ठेविलें. म्हणून त्यास तिरप्या रेघेची गरज पडली.

यंत्राच्या राज्यांतही असे थर असतात, व प्रत्येक थर वाचतांना आपल्या वांट्याच्या रेघा खाऊन टाकितो. लेखांत एकादी आकृति शोधण्यासाठीं नमुन्यांची एक वेगळी पोटभाषा असते. तिच्यांतही तिरपी रेघ हीच सूचना देणारी आहे. त्या पोटभाषेंत एक खरी रेघ शोधावयाची तर दोन लिहाव्या लागतात. हा नमुना मूळ भाषेंत अक्षरमाला म्हणून द्यावयाचा, तेव्हां त्या दोहोंपैकीं प्रत्येकीच्या पुन्हां दोन होतात, म्हणजे चार. त्यावर आणखी एक तसाच थर चढला तर आठ. थर वाढेल तशी संख्या दुप्पट होत जाते, असा हा साधा हिशेब आहे. पर्ल भाषेच्या जाणकारांनीं रेघांच्या अशा गर्दीस कललेल्या दांतकोरण्यांचा विकार असें थट्टेचें नांव दिलें आहे. पायथॉन भाषेंत यावर उपाय म्हणून अक्षरमालेच्या आधीं 'आर' हें रोमन अक्षर लावितात. मग आंतल्या रेघा सूचना देत नाहींत, मालच राहतात.

येथवरचा विचार सोयीगैरसोयीचा झाला. पण या प्रश्नाची एक बाजू सुरक्षिततेची आहे, व ती पालकांनींही लक्षांत घेण्याजोगी आहे. वसईकडील व गोमंतकांतील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांचें आडनांव डिसोझा किंवा डिमेलो असें असतें. रोमन लिपींत तें लिहितांना 'डी' या अक्षरानंतर एक लहानसें एकेरी चिन्ह येतें. नोंदवहीच्या संगणकास प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल भाषेंत अक्षरमाला मिटविणारें चिन्ह हेंच असतें. त्यामुळें निष्काळजीपणें लिहिलेल्या आज्ञावलींत हें नांव अर्ध्यावर तुटतें, व 'सोझा' हे शब्द आज्ञा म्हणून वाचले जातात. मग अर्जांतील नांव चालत नाहीं असा निरोप येतो, आणि बिचारा अर्जदार आपलें पिढीजात नांव मोडून लिहितो. वस्तुतः दोष नांवाचा नसून आज्ञावली लिहिणाराचा असतो.

याच छिद्रांतून चोरही शिरतात. कोणी दुष्ट मनुष्य नांवाच्या चौकटींत एक अक्षर, मग तें एकेरी चिन्ह, आणि त्यापुढें 'सर्व नोंदी पुसून टाक' अशा अर्थाची आज्ञा लिहितो. चिन्हापाशीं माल संपला असें यंत्र समजतें, व पुढील शब्द धन्याचीच आज्ञा मानून पाळतें. एसक्यूएल इंजेक्शन म्हणून कुप्रसिद्ध असलेली चोरी ती हीच. एसक्यूएल भाषेंत चिन्ह दोनदां लिहून तें साधें करण्याची रीत आहे. पण सर्वांत खात्रीचा उपाय असा कीं, आज्ञा व माल एका वाक्यांत शिवूंच नयेत. आज्ञा आधीं, माल येईल तेथें रिकामी जागा ठेवून, यंत्राच्या स्वाधीन करावी, आणि माल मागाहून वेगळा द्यावा. मग मालांत कोणतेंही चिन्ह असलें तरी तें मालच राहतें. दिवाणजीनें हुकूम एका कागदावर व याचकाचा अर्ज दुसऱ्या कागदावर ठेविला, म्हणजे अर्जांतलें वाक्य हुकूम म्हणून कोणी वाचीत नाहीं.

विद्यार्थ्यांस उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करूं. पहिली, जेथें भाषा परवानगी देते तेथें आंत दुहेरी चिन्ह असल्यास बाहेर एकेरी वापरावें. पायथॉन व जावास्क्रिप्ट यांत तें चालतें, व रेघेचें काम पडत नाहीं. दुसरी, निबंध लिहिण्याच्या साधनांत आज्ञावली लिहूं नये. तीं साधनें सरळ चिन्हांचीं आपोआप वळणदार चिन्हें करितात. तीं दिसतात सुंदर, पण यंत्र त्यांस अवतरणचिन्ह मानीत नाहीं. तिसरी, अक्षरमाला मिटली नाहीं असा निरोप आला तर तिच्या शेवटच्या चिन्हाआधीं एकटी रेघ राहिली आहे काय तें पाहावें. त्या रेघेनें मिटविणाऱ्या चिन्हाचा अधिकारच काढून घेतलेला असतो. चौथी, रेघा अंदाजानें वाढवीत बसूं नये. आपला मजकूर किती थरांतून जाणार तें कागदावर लिहावें व प्रत्येक थर काय खाईल तें मोजावें. अंदाजानें आज चाललेलें उद्यां वेगळा मजकूर आला कीं मोडतें, आणि तें कां मोडलें हें लिहिणारासही उमगत नाहीं.

दुसऱ्याचें बोलणें त्याचें म्हणूनच पोंचवावें, त्यांत आपलें मिसळूं नये, व त्याला आपल्यावर हुकूमत चालवूं देऊं नये, ही शिकवण माणसास घरीं व शाळेंत मिळते. यंत्रास ती कोणीं तरी लिहूनच द्यावी लागते. जळगांव, धुळें व नंदुरबार या जिल्ह्यांतील जे विद्यार्थी उद्यां हें काम करतील, त्यांच्या हातून कोणाचें नांव तुटूं नये व कोणाची नोंद पुसली जाऊं नये, एवढी काळजी त्यांनीं पहिल्या धड्यापासून घ्यावी.